नजर रस्त्यावर नाही

जितेंद्रने लॅपटॉप दशरथकडे वळवला. "हे बघा, भाऊजी. परत तिथेच."

स्क्रीनचे दोन भाग होते. वर बसच्या काचेतून दिसणारा रस्ता, खाली दशरथचा चेहरा. त्याच्याखाली लाल अक्षरांत लिहून आलं होतं: नजर रस्त्यावर नाही.

हे यंत्र स्टाफ बसमध्ये महिन्यापूर्वी बसवलं होतं. एक कॅमेरा रस्त्याकडे, दुसरा ड्रायव्हरकडे. गाडी चालू असताना ड्रायव्हरची नजर दोन सेकंदांहून जास्त वेळ हटली, की ते वाजायचं आणि तेवढा तुकडा ऑफिसला पाठवायचं. असे तुकडे साठले की ड्रायव्हरला त्या गाडीवरून उतरवायचे. सुपरवायझर जितेंद्र हा दशरथच्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. म्हणून आधी चहा मागवला होता.

"मोबाइलवर होतो का मी?" दशरथने विचारलं.

"नाही."

"झोपलो होतो?"

"नाही हो."

"मग झालं तर. गाडी चालवायची म्हणजे काय पुतळा होऊन बसायचं? डावीकडून रिक्षावाले घुसतात. बघावं लागतं."

"रिक्षा खाली असते, भाऊजी. तुम्ही वर बघताय."

दाराशी उभा असलेला रोशन, दुसऱ्या बसचा ड्रायव्हर, हसला. "काका, आपली बायको पण एवढं तोंडाकडे बघत नाय. इस कॅमेरे को तो प्यार हो गया है आपसे."

"रोशन, तू गाडी धुवायला घे," जितेंद्र म्हणाला. रोशन गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं.

दशरथने चहाचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला. पेणकरपाड्याच्या वळणावरची ती इमारत दोघांनाही ठाऊक होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर मिनल राहत होती, दशरथची मुलगी. तिने आपल्या मनाने लग्न केलं, त्या दिवशी दशरथने सांगून टाकलं होतं की हिचं नाव या घरात पुन्हा निघता कामा नये. त्यानंतर ते निघालं नव्हतं.

"वरून विचारणा झालीय," जितेंद्र म्हणाला. "मला कारण लिहावं लागतं. कुत्रा आडवा आला, डोळ्यात धूळ गेली. एकदा लिहीन, दोनदा लिहीन. रोज त्याच जागी कुत्रा कसा येईल?"

"हे कोण कोण बघतं?"

"मी. आणि पुण्याच्या ऑफिसातली पोरं. त्यांना काय, सगळे ड्रायव्हर सारखेच."

"मंदाला बोललास?"

"नाही. शप्पथ."

"परत लाव."

जितेंद्रने लावलं. खालचा चेहरा दशरथला आपला वाटेना. भुवया वर गेलेल्या, तोंड जरासं उघडं. एसटी स्टँडवर उतरणाऱ्या गर्दीत आपलं माणूस शोधणाऱ्याचं असतं, तसं. आपण जाता जाता नुसतं बघून घेतो, असं त्याला वाटत होतं. हा चेहरा जितेंद्र आठवडाभर बघत होता.

मग त्याचं लक्ष वरच्या भागाकडे गेलं. बस वळणाला आली होती. काचेत इमारत मोठी होत होती.

"थांबव. इथे थांबव."

बाल्कनीत कोणी नव्हतं. गाडी चालवताना त्याला तिथे काही रंग दिसायचे आणि निघून जायचे. आता ते जागच्या जागी होते. दोरीवर कपडे वाळत होते. जितेंद्रने न सांगताच चित्र मोठं केलं. त्याचे चौकोन चौकोन झाले, तरी समजत होतं. ओळीने लंगोट. तळहाताएवढी दोन टोपरी. शेवटी एक दुपटं, पिवळं, तांबड्या काठाचं.

तो काठ दशरथने घरात मंदाच्या साडीला कित्येक वर्षं पाहिला होता. ती साडी मंदाने दिवाळीच्या आधी बोहारणीला दिली होती. निदान तसं सांगितलं होतं, आणि बदल्यात मिळालेलं पातेलंही दाखवलं होतं.

जितेंद्र टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "मुलगी झालीय," तो म्हणाला. "तिसरा महिना चालू आहे."

बाहेर रोशनने पाइप सोडला होता. बसच्या पत्र्यावर पाणी आपटत होतं.

"एक करता येईल," जितेंद्र म्हणाला. "उद्यापासून तुमचा रूट बदलून देतो. सरळ हायवेने जायचं, ते वळणच येणार नाही. आतापर्यंतचं मी बघून घेतो. ड्युटीला धक्का नाही लागणार."

चित्र अजून थांबलेलंच होतं. दशरथने खिशातून जवळचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तो स्क्रीनजवळ वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

"जितू," तो म्हणाला, "गाडी उभी असली तर वाजतं का रे हे?"

जितेंद्रने मान वर केली. "नाही. उभ्या गाडीत ते डोळ्यांकडे बघतच नाही."

"म्हणजे बाजूला घेऊन, हँडब्रेक लावून... जरा वेळ?"

"गाडी उभी असली, भाऊजी, की कुठेही बघा."