बोचक्याची गाठ

रत्नागिरीच्या वृद्धाश्रमात कुणी म्हातारा इस्पितळात गेला, की त्याचं सामान शेजारच्या खाटेवाल्याने सांभाळायचं, अशी रीत होती. दाभोळच्या गलबतावरचा जुना तांडेल गंगाराम तापाने फणफणला, त्याला डोलीत घातलं, आणि त्याचं बोचकं रावजीकडे आलं.

"सोडू नको हां," एवढंच गंगाराम म्हणाला.

रावजीने जन्मभर नांगर धरलेला. बोचक्यात हाताला लागणारं ते गोल, जड काय असेल, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने गाठ सोडलीच. पितळी डबीत काचेखाली एक काटा थरथरत होता. तांडेलाचं होकायंत्र ते, पण रावजीला काय ठाऊक? त्याने डबी फिरवली, स्वतः फिरला, अंगणात जाऊन आला. काटा आपला वळून त्याच दिशेला तोंड करी. पोटभर बघून त्याने डबी परत ठेवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की गंगारामने मारलेली गलबतावरची गाठ आपल्याला येत नाही. येत होती ती एकच, बैल बांधायची. तीच मारली.

गंगाराम बरा होऊन आला. गाठीचे पेच त्याने बोटाने चाचपून बघितले, नि बोचकं उशाशी ठेवलं. रावजीची मान वर होईना.

पुढे ताप उलटला, डोली पुन्हा दारात आली. गंगारामने बोचकं रावजीच्या मांडीवर ठेवलं. गाठ बैल बांधायचीच होती, जरा वाकडी.

"मला नीट जमली नाय," तो म्हणाला. "सैल वाटली तर सोड, नि तुझ्या हातानं बांध."