अंड्याचा वास

दुर्गाघाटच्या आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. म्हणून जिन्यात सडक्या अंड्याचा वास सुटला, तेव्हा मी वरच्या भाडेकरू पोरीलाच, कस्तुरीलाच धरलं.

"शी! आमचं सोवळं माहीत असून घरात अंडी आणलीस?"

"काकू, दूधविनायकाची शपथ, मी अंड्याला हातसुद्धा लावत नाही."

हे अंगणात कुंडीतल्या ऑलिव्हची, आपल्या लाडक्या बोन्सायची, पानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "खोली खाली करून घे."

ती रडत गेली. मी खोलीभर गोमूत्र शिंपडलं.

आज वर गेले तर बोन्साय त्याच खोलीच्या खिडकीत. सोललेलं खोड जुनाट, पांढरं दिसावं म्हणून हे त्याला ब्रशने पिवळं औषध लावत होते. तोच वास!

"अहो, म्हणजे त्या दिवशी..."

"हाच वास. गंधक असतं ना यात. पण ऑलिव्हला ऊन लागतं गं, आणि आपल्या घरात ऊन फक्त इथेच येतं."

गोमूत्राची बाटली अजून कोपऱ्यातच होती. ती मी ह्यांच्या डोक्यावर रिकामी केली.