ओळंबा

उझित्से शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर वुकाशिननी छोट्या इस्क्राच्या मानेमागून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला. “दोरी मधोमध, पाठ सरळ.” इस्क्राची आई नेवेना कातावली. अंघोळ घालताना लेकीच्या पाठीत आलेला बाक तिला रोज दिसत होता. “डॉक्टर, ते पाठ मोजायचं नवं यंत्र लावा ना.” यंत्रावर नर्सने विणलेला रुमाल अंथरून कॉफीची किटली ठेवली होती. “अगं बाई, ते खेळणं आहे. तू समोरासमोरच्या खिडक्या उघडू नकोस, वाऱ्यानेच पाठी धरतात.” नेवेनाने किटली नर्सच्या हातात दिली, रुमाल ओढला, लेकीला उभं करून बटण दाबलं. पडद्यावर कणा उमटला: वर उजवीकडे, खाली डावीकडे वळलेला, म्हणूनच दोरी मधोमध येत होती. “यंत्रच वाकडं उभं असणार,” म्हणत डॉक्टरांनी ओळंबा यंत्राच्या खांबाला लावला. खांब दोरीसारखाच सरळ होता. डॉक्टरांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. मग नर्सला म्हणाले, “किटली आता बाहेर ठेव.”