अंगठ्याची आण

"चाप ओढला की बाण सुटतो, मग ती बंदूकच की! होळीच्या नेमबाजीत चालणार नाही." पाटलाने वेस्ताचं चापाचं धनुष्य परत केलं.

गुऱ्हाळाच्या चरकात वेस्ताच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली होती. उरला होता अंगठा, आणि भिलाने बाणाला अंगठा लावायचा नाही, ही वाडवडिलांची आण. म्हणूनच महिनाभर खपून त्याने हे घडवलं होतं.

"मग साधं धनुष्य द्या," तो म्हणाला.

"ओढणार कशाने? अंगठ्याने?" पाटील गुरकावला.

वेस्ताने डाव्या हातात धनुष्य पेललं, बाणासकट दोरी दातांत धरली आणि हात पुढे रेटत मान मागे ताणली. बाण सुटला तो थेट टांगलेल्या नारळात रुतला.

ओठावरचं रक्त पुसत त्याने विचारलं, "बोला पाटील, दातांचीही आण आहे का?"