दफनाच्या वहीतला अंगठा

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. बाळापूरच्या इंटरनेट कॅफेत शाइस्तानं संगणकाची काच ओढणीनं पुसली. काच ओली होती.

कापूस बुडाला, घरचं दुकान बंद पडलं, म्हणून सात महिन्यांची गरोदर शाइस्ता पैसे घेऊन लंडनमधल्या एका म्हाताऱ्या बाईचे पूर्वज शोधत होती. चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं एका वेबसाइटवर फुकट दिसत. १८४१च्या पानाच्या कोपऱ्यात डाग होता. कुणीतरी थुंकी लावून पान उलटलेलं. अंगठ्याचा ठसा स्पष्ट, त्यावर आडवा व्रण. १८६८च्या पानावर, दुसऱ्याच गावच्या वहीत, तोच अंगठा. १९०२च्या पानावरही तोच.

तिन्ही पानं तान्ह्या मुलांच्या दफनाची होती.

आता तो डाग काचेच्या बाहेरच्या बाजूला होता. ओढणीला चिकट तार आली. किडक्या दातांचा वास सुटला.

"संघपालभाऊ, इथं कोण थुंकलं?"

"कोणी नाई, भाभी," कॅफेचा मालक हसला. "पोटुशीले तं चहाचाही वास मारते."

"तुमचा चहा तसाच असते. हे पाहा तरी."

त्यानं बोट लावलं, हुंगलं आणि हात धुवायला बाहेर पळाला.

दोन वाजता घरी तिला पोटाशी ओलं लागलं, म्हणून सासू अनीसाबींनी तिचा कमीज वर केला. पोटावर, खाली उजव्या बाजूला, ओला अंगठा उमटला होता. आडव्या व्रणासकट. त्यांनी तो तीनदा पुसला.

सहा वाजता तो ओलाच होता, आणि तिथली कातडी उलटायला घेतलेल्या पानासारखी कडेनं किंचित उचलली गेली होती.