निळी फुली

सांगलीच्या दवाखान्यात एक्स-रे बघून डॉक्टरांनी हरणाबाईच्या छातीवर, गाठीच्या जागी, निळ्या शाईनं फुली मारली. "ऑपरेशन होईस्तोवर पुसू नका," त्यांनी बजावलं.

"आवं, दुष्काळात खाटकाला दिलेल्या मेंढरांवर आपून आशीच खूण केलती," ती नवऱ्याला म्हणाली.

"गप पड. ही बरं करायची खूण हाय," आप्पासो म्हणाला खरा, पण त्याला बसवेना. दारापर्यंत जायचा, परत खाटेपाशी यायचा.

इंजेक्शननं तिचा डोळा लागला. न्यायला आलेल्या नर्सनं तिला उठवलं, तेव्हा छातीवर फुली नव्हती.

"कुणी पुसली?" नर्स ओरडली.

"म्याच पुसली, बाई. परत मारा," हरणाबाई म्हणाली आणि नवऱ्याच्या धोतराचा निळा झालेला सोगा तिनं हळूच मुठीत लपवला.