मुळ्याची फोड

"पिशवी खाली टोपलीत ठेवा, बाई. चोरायला इथे कुणाला वेळ नाही, सगळ्यांचे हात खाण्यात आहेत," पातेल्यामागून दुकानदार म्हणाला.

काझुएने नुसती मान हलवली आणि मांडीवरची पिशवी पोटाशी ओढली. बाहेर दुपारचं ओसाका ओरडत होतं. आत फळीला लागून खेटून बसलेली माणसं रस्स्यात शिजलेले मुळे, अंडी, ऑक्टोपसचे तुकडे खात होती.

शेजारी दुकानातल्या रोजच्या गिऱ्हाईक, तोमिको मावशी बसल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, अंगात वाघाचं तोंड छापलेला सदरा.

"उत्तरेकडची ना तू? बोलण्यावरून कळतं. एकटीच फिरतेस?"

"आईला इथलं खायचं होतं."

"मग आण की तिला आत! बाहेर उभी केलीस का? कसल्या बाई मुली आजकालच्या!"

रांगेतले दोघं-तिघं हसले. काझुए हसली नाही. तिच्या बशीला तिने अजून हात लावला नव्हता.

"थंड झालं ते. हे घे," म्हणत मावशींनी आपल्या बशीतली मुळ्याची पांढरी फोड जेवणाच्या काड्यांत धरली आणि तिच्या बशीकडे नेली. काझुएने आपल्या काड्या पुढे केल्या आणि ती फोड वरच्या वर पकडली.

हसणं थांबलं. दुकानदाराचा डाव पातेल्यात तसाच राहिला. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत कुणी घास देत नाही. तसं फक्त दहनानंतर करतात, समोरासमोर उभं राहून अस्थी उचलताना.

काझुएच्या लक्षात आलं, पण तिची बोटं सुटेनात. मावशींनीही फोड सोडली नाही. त्यांची नजर पिशवीवर गेली. आतून पांढऱ्या फडक्याची गाठ वर आली होती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"तुझ्यासमोर धरायला कोण होतं?"

"कुणी नव्हतं. तिथला माणूस धरतो म्हणाला, मी नको म्हटलं. आईला परक्याचा हात कशाला? एकटीनेच उचलल्या. सगळ्या. कणसुद्धा मागे ठेवला नाही."

"सगळ्या?" मावशींचा आवाज खाली आला. "आमच्याकडे सगळ्या घेत नाहीत गं. थोड्याच घ्यायच्या. बाकीच्या तिथेच ठेवून यायचं."

"ठेवून यायचं? मग आई काही म्हणत नाही?"

"म्हणते की. माझी अजून म्हणते. म्हणून तर मी एवढी बडबडते."

मुळा मऊ शिजलेला होता. काड्यांमध्ये तो हळूच दुभंगला. अर्धा मावशींकडे राहिला, अर्धा काझुएकडे आला. तिने तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मग वाकून पिशवी खालच्या टोपलीत ठेवली.

"आणखी एक मुळा वाढू?" दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं.

ती हो म्हणाली. पण तिचे दोन्ही तळवे मांडीवर, पिशवी अजून धरलेली असावी तसेच गोल राहिले होते, आणि काही हलू नये म्हणून तिने गुडघे घट्ट जुळवून धरले होते.